द्राक्ष आपले, पाहुणा कोणाचा?

जानेवारी उजाडला की नाशिकच्या गंगापूर रस्त्याला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. धरणाच्या अंगाला सावरगाव, गंगाव्हरे या पट्ट्यात वायनरी आहेत, तिकडे ही मंडळी निघालेली असतात. इगतपुरी तालुक्यात सांजेगाव, कावनईकडेही तेच चित्र. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आता ठाण्याचा माणूस सकाळी घरी न्याहारी करून निघतो आणि दुपारच्या जेवणाला द्राक्षबागेत हजर असतो.

याला 'वाईन टूर' म्हणतात. एका दिवसाची सहल. गाडी दारातून उचलते, सोबत माहिती सांगणारा गाईड असतो. दोन-तीन वायनरी दाखवतात, चार-पाच प्रकारची वाईन चाखायला देतात, आणि कोणत्या वाईनबरोबर काय खावे तेही ताटलीत मांडून देतात. कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यात हा धंदा जुना आहे. आपल्याकडे २००५ साली 'सुला'ने चाखण्याची खोली लोकांसाठी उघडली, तिथून त्याला खरा जोर आला. आज नाशिकला देवदर्शनाला येणारा आणि वाईनसाठी येणारा असे दोन्ही पाहुणे एकाच रस्त्यावर भेटतात.

आपल्यापैकी बहुतेकांनी या गाड्या बांधावरून पाहिल्या. आत जाऊन पाहिलेले थोडेच. म्हणून गेल्या हंगामात निफाड-दिंडोरीकडच्या आठ-दहा बागायतदारांबरोबर मीही रीतसर पैसे भरून अशी एक फेरी केली. कोणत्या वायनरीत गेलो ते सांगण्याचे कारण नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे असेच चालते.

आधी आतले काम सांगतो, कारण ते शेतकऱ्याने माहीत करून घेण्यासारखे आहे. माल आला की निवडतात, देठ वेगळा करतात, मणी फोडतात. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करून स्टीलच्या मोठ्या टाक्यांत पंधरा अंशांच्या आसपास थंड ठेवतात आणि सावकाश आंबवतात. लाल वाईनला साल-बियांसकट आंबवतात, तीही जरा उबदार, पंचवीस अंशांच्या आसपास. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुधा पांढराच असतो, रंग येतो तो सालीतून. आमच्यातल्या दोघा-तिघांना हे नवीन होते, आणि त्यांच्या दोन पिढ्या द्राक्षात गेल्या आहेत. साखरेचेही तसेच. खाण्याचे द्राक्ष आपण सोळा-अठरा ब्रिक्सला काढतो. वाईनवाले वीस-बावीसच्या पुढे, लालला चोवीसपर्यंत थांबायला सांगतात, कारण त्या साखरेचाच यीस्ट पुढे अल्कोहोल करते. ब्रिक्स बावीस असला तर वाईन साधारण बारा टक्क्यांची होते.

पुढे लाकडी पिंपे, अंधारी थंड खोली, मग चाखणे. पेला उजेडाकडे धरायचा, रंग बघायचा, हलवायचा, नाक घालून वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात फिरवायचा. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने वास घेतला आणि म्हणाला, ''साहेब, ह्यात पेरूचा वास येतोय.'' गाईड खूश झाला, कारण सोव्हिनिऑन ब्लां या जातीचा तो गुणच आहे. बाहेर टपात द्राक्षे तुडवण्याचा खेळ चालला होता. शहरातली मुले-माणसे पँटी वर करून हौसेने नाचत होती. आमच्यातला एकही जण टपात उतरला नाही. अन्नाला पाय लावायचा नाही, एवढेच म्हाताऱ्याने सांगितले आणि तो बाजूला जाऊन बसला.

गाईड हुशार होता. यीस्टपासून पिंपाच्या लाकडापर्यंत सगळे त्याला तोंडपाठ. पण बागेचा विषय निघाला की तो दोन वाक्यांत आटपत होता. कोणी विचारले, युरोपात द्राक्षाची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, मग इथे जानेवारी-मार्चमध्ये कशी? त्याला नीट सांगता येईना. तेव्हा आमच्यातल्या दिंडोरीच्या एका तरुण शेतकऱ्याने खरड छाटणी आणि गोडी छाटणी समजावून सांगितली. एप्रिलमध्ये वेल खरडून काढतो ती काडी तयार व्हावी म्हणून, पावसाळा संपला की पुन्हा छाटतो ती फळासाठी. मग हिवाळ्यातल्या थंड रात्रीत मणी पिकतो आणि त्यातला आंबटपणा टिकून राहतो. पावसात घड सापडला तर डाऊनी आणि कूज त्याला ठेवत नाहीत. हे सांगताना त्याने बागेतली एक काडी हातात धरून डोळा दाखवला. पाच मिनिटांत पंधरा-वीस पाहुणे गाईडला सोडून त्याच्याभोवती जमले. एका बाईंनी विचारले, ''तुमची बाग बघायला येता येईल का?'' त्याच्याकडे उत्तर नव्हते.

माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

हिशेब करू. साडेसातशे मिलीच्या एका बाटलीला सवा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. चाखायला देतात तो घोट पन्नास मिलीचा धरला, तर एका बाटलीत पंधरा घोट झाले. पाहुण्याने पाच प्रकार चाखले म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे चारशे ग्रॅम द्राक्षे. तुमच्या करारात किलोला जो भाव असेल तो घाला आणि पाहा, त्या पाहुण्यामागे बागेच्या वाट्याला किती आले. तो माणूस मात्र दिवसभरात गाडी, तिकीट, जेवण, खोली, जाताना दोन बाटल्या, असे हजारो रुपये खर्च करून जातो. यात वायनरीने कोणाला लुबाडले असे मी म्हणत नाही. यंत्रे, टाक्या, परवाने, जाहिरात, सगळा खर्च त्यांचा आहे आणि पाहुण्याला इथवर आणले तेही त्यांनीच. पण मोठ्या वायनरींना लागणाऱ्या मालाचा मोठा भाग करारावरच्या शेतकऱ्यांकडून येतो, आणि दिवसभराच्या सहलीत त्या शेतकऱ्याचा कुठे पत्ता नसतो. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यात नाव या मातीचे आहे, तर मातीत राबणाऱ्याने पाहुण्याच्या नजरेस पडायला काय हरकत आहे?

इथे काही जण लगेच म्हणतील, मग आम्हीही वाईनची द्राक्षे लावतो. थांबा. बाहेरच्या गाड्यांची गर्दी पाहून वेल लावू नका. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, सवलती दिल्या, आपल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. वायनरींचे पेव फुटले. थॉमसनच्या शेजारी शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां लागले. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाईन टाक्यांतच राहिली. पुढच्या एक-दोन हंगामांत अनेक वायनरींनी माल उचलला नाही, काहींनी उचलला त्याचे पैसे थकवले. माणसांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली आणि पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळली. ज्यांनी ते सोसले ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. नवीन लावणाऱ्याने आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे.

कारण साधे आहे. थॉमसन किंवा सोनाका निर्यातीला गेली नाही तर स्थानिक बाजारात जाते, तिथे नाही तर बेदाण्याला जाते. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही, बेदाणाही होत नाही. गिऱ्हाईक एकच. म्हणून करार हातात आल्याशिवाय रोप आणू नये, आणि करार वकिलाकडून नाही तरी निदान चार जाणत्यांकडून वाचून घ्यावा. किती वर्षांचा आहे? भाव ठरलेला की दरवर्षी बदलणारा? ब्रिक्स कमी भरला तर कपात किती? पैसे किती दिवसांत? आणि सर्वांत महत्त्वाचे, काढणीची तारीख कोण ठरवणार? घड वेलीवर जास्त दिवस राहिला की साखर वाढते पण मण्यातले पाणी उडून वजन घटते. भाव किलोवर असेल तर त्या घटीचा तोटा कोणाचा, हे कागदावर हवे. तोंडी 'बघू, करू' चालणार नाही.

आता ताटलीकडे येतो. माझ्या मते गावाला शिरायला खरी वाट तिथे आहे.

आम्हाला जी ताटली आली त्यात चीजचे तीन तुकडे, ऑलिव्ह, खारी बिस्किटे आणि बदाम होते. नाशिक जिल्ह्याचे म्हणाल तर द्राक्षाचा एक छोटा घड, तोही शोभेला. ऑलिव्ह बाटलीतले, परदेशातून आलेले. ज्या जिल्ह्यात लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, घोटीचा तांदूळ, पेठ-सुरगाण्याची नागली-वरई आणि सुरगाण्याची स्ट्रॉबेरी आहे, तिथल्या पाहुण्याला ऑलिव्ह खायला घालायचे म्हणजे कमाल आहे. वायनरीवाल्यांना विचारले तर म्हणतील, गावातून माल वेळेवर आणि एकसारखा मिळत नाही. त्यात तथ्य आहे, ते पुढे सांगतो.

कोणत्या वाईनबरोबर काय खावे याला ते लोक 'पेअरिंग' म्हणतात. ऐकायला मोठे वाटते, पण आपल्या घरातल्या बाईला ते न शिकवता कळते. झणझणीत रश्शाबरोबर ती दही देते, तळणाबरोबर लिंबाची फोड ठेवते, पिठल्याशेजारी कांदा फोडते. नियम तेच आहेत. लाल वाईनमध्ये साल-बियांचा तुरटपणा असतो, कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसा. मटणाची चरबी, चीज असे काही सोबत असले की तो तुरटपणा बोथट होतो, म्हणून शिराझबरोबर मटण देतात. पण आपल्या काळ्या मसाल्यात मिरची जरा हात राखून घालावी लागते, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखटाचा जाळ वाढवतात. उलट किंचित गोडसर आणि गार असलेली शेनिन ब्लां तिखटाला शांत करते. नाशिकच्या मिसळीला ती चालते, हे मी चाखून सांगतो. सोव्हिनिऑन ब्लांला हिरवा, आंबटसर वास असतो, तिच्याजवळ कोथिंबीर वडी, कैरीची चटणी शोभते. फसफसणारी जी स्पार्कलिंग वाईन असते ती खारट-तळलेल्या पदार्थाबरोबर उत्तम. म्हणजे नागलीचे पापड, कुरडया, कांदाभजी. गोड वाईनबरोबर फार गोड पक्वान्न दिले तर वाईन फिकी आणि आंबट लागते, त्यापेक्षा सुरगाण्याची स्ट्रॉबेरी किंवा चार बेदाणे पुरे.

यातला एकही पदार्थ असा नाही जो आपल्या बचत गटाच्या बायका करू शकत नाहीत. अडचण चवीची नाही. अडचण अशी, की पापड एका खेपेस जाड येतो, दुसऱ्या खेपेस पातळ. पिशवीवर तारीख नसते, वजन नसते. शनिवारी माल हवा असतो आणि शनिवारीच गटातल्या कोणाच्या तरी घरी लग्न निघते. वायनरीच्या स्वयंपाकघराला हे परवडत नाही. एफएसएसएआयची नोंदणी, एक माप, एक पिशवी, ठरलेला वार, एवढे सांभाळले तर दोन पदार्थांपासून सुरुवात करता येईल. एकदम वीस पदार्थांची यादी घेऊन कोणाकडे जाऊ नये. नागली पापड आणि बेदाणा घेऊन जावे, नमुना ठेवावा, भाव लिहून द्यावा.

दुसरी वाट सहल काढणाऱ्या गाडीवाल्यांची आहे, आणि ती मला जास्त सोपी वाटते. दोन वायनरींच्या मध्ये पाहुण्यांना तास-दीड तास कुठे तरी जेवायला न्यावेच लागते. ते जेवण बागेत झाले तर? भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, ताक, इंद्रायणीचा भात, आणि जेवणानंतर अर्धा तास बागेत फेरी. दिंडोरीच्या त्या तरुणाने जे पाच मिनिटांत सांगितले तेच सावकाश सांगायचे. कलम कसे बांधतात, डॉगरिजच्या खुंटावर का बांधतात, विरळणी म्हणजे काय, फवारणीनंतर किती दिवस काढणी करत नाहीत. पाहुण्याला हे ऐकायला आवडते. खाण्याच्या द्राक्षाची बाग असली तरी चालते, वाईनचीच हवी असे नाही. यासाठी एक वेलसुद्धा नवीन लावावा लागत नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, आणि नोंदणी असली की बँकेत आणि सरकारी कामात बोलायला आधार राहतो.

मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बागेत जेवण देताना वाईन द्यायची नाही. घरी माठात द्राक्षे आंबवून 'आमची घरची वाईन' म्हणून पाहुण्याला विकणे हा सरळ गुन्हा आहे. परवान्याशिवाय करणे आणि विकणे दोन्ही दारूबंदी कायद्याखाली येते. पाहुण्याने आग्रह केला तरी नाही. ताक द्या.

आणि दारूचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. २७ जानेवारी २०२२ रोजी त्या वेळच्या मंत्रिमंडळाने मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाईन विकण्याला मंजुरी दिली, त्यावर राज्यभर गदारोळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे बरेच ऐकायला मिळाले. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दारू नाही तर काय म्हणायचे? द्राक्ष उत्पादकाचे हित सांगण्यासाठी खोटे बोलायची गरज नाही. ज्या गावांनी बायकांच्या मतदानाने बाटली आडवी केली त्यांच्या तोंडावर कोणी हे वाक्य बोलून पाहावे. आपल्या शेतकऱ्याने वाईनला द्राक्ष द्यावे, त्याचा चोख दाम घ्यावा, आणि आपल्या पोरांच्या हातात पेला आला तर काय, याचाही विचार घरात करावा. कायद्याने वाईनलाही एकवीस वर्षे पुरी लागतात.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठीही यात काम आहे. सुट्टीच्या दिवशी रस्त्याकडेला गाड्या लागतात आणि बैलगाडी किंवा द्राक्षाचा टेम्पो अडकून पडतो. संध्याकाळी परतणाऱ्या गाड्यांपैकी किती चालक पिऊन बसलेले असतात? रक्ताच्या शंभर मिलीत तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि चार-पाच पेले चाखलेला माणूस ती रेघ सहज ओलांडतो. हंगामात शनिवार-रविवारी वळणावर पोलीस तपासणी ठेवा, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीने करायला हवी. शाळेतून सुटणारी पोरे त्याच रस्त्याने येतात. वायनरीचे धुण्याचे पाणी आंबट असते, ते प्रक्रिया न करता ओढ्याला सोडले तर खालच्या विहिरीला वास येतो, तेव्हा त्याची व्यवस्था काय आहे हे विचारण्याचा गावाला हक्क आहे. उलट गाळून उरलेला चोथा चांगल्या खताच्या कामाचा. तो गावातल्या शेतकऱ्यांना मिळावा असे बोलणे करता येईल. रिसॉर्टच्या बांधकामांची घरपट्टी पुरी लागली आहे का, हेही एकदा दप्तर काढून पाहावे. भांडण करण्यासाठी हे सांगत नाही. वायनरीत गावची शे-दीडशे माणसे कामाला असतील तर ती रोजी मोलाची आहे आणि ती टिकली पाहिजे. पण शेजारी म्हणून बसून बोलायचे तर आपल्या बाजूचे कागद तयार हवेत.

२६ जानेवारीची ग्रामसभा ऐन काढणीत येते. रस्ता, गाड्यांची जागा, पोलीस तपासणी, बचत गटाचा माल, हे चार विषय तिच्यापुढे लेखी ठेवता येतील. वायनरीच्या व्यवस्थापकालाही चहाला बोलवावे, तो येतो.

बागेत जेवणाचा विचार करणाऱ्यांनी भांडी, मंडप, पाटी यांवर आधी पैसे घालू नयेत. पहिल्या हंगामात दहा-बारा माणसांच्या वर कोणाला हो म्हणू नये. फवारणीच्या दिवशी आणि नंतर ठरलेले दिवस होईपर्यंत पाहुण्याला बागेत सोडू नये, औषधांचे डबे-पंप कुलपात ठेवावेत. आणि शहरातून आलेली बाई गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न विचारते तो संडासाचा. त्याची स्वच्छ सोय, पाणी आणि आतून लागणारी कडी, एवढे आधी करा. ताटाचा भाव मग ठरवू.